स्पर्धा कायदा शिकताना सुरुवात कुठून करावी?
स्पर्धा कायद्याच्या कामाला लागतोयस, तर भारताच्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमातली कलमं ३ आणि ४ आधी वाच. कंपनी मोठी आहे म्हणून ती दोषी ठरत नाही. कलम ४ बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर रोखतं, वर्चस्व नव्हे.

खरं लक्ष संगनमताकडे दे. सिमेंटवाले मिळून भाव ठरवतात तेव्हा घर बांधणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात, आणि त्याला ते कळतही नाही. माझ्या मते याहून घातक काही नाही. म्हणूनच कलम ३(३) अशा करारामुळे स्पर्धेला बाध येतो असं गृहीत धरतं. मात्र लेखी करार क्वचितच सापडतो. बैठका, उत्पादनातली कपात, दरांची एकत्र हालचाल यांतून तो सिद्ध करावा लागतो. सिमेंट कंपन्यांवरचा भारतीय स्पर्धा आयोगाचा २०१६ चा आदेश त्यासाठी सावकाश वाच. विलीनीकरणाची कलमं, ५ आणि ६, नंतर बघितलीस तरी चालेल.