बूट बदलायला सांगितला, बदलला अख्खा एक्सल

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. गणपतीला गुहागरकडे निघाले होते. वाटेत चिपळूणला गाडी धुवायला दिली, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं. शेजारच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "सीव्ही जॉइंटचा बूट फाटलाय, बावीसशेत होऊन जाईल." तोच आकडा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवला. वाचक गाडी ठेवून एसटीने गावी गेले. तिसऱ्या दिवशी परत येतात तर अख्खा एक्सल बदललेला आणि हातात १६,५०० रुपयांचं कच्चं बिल. मधे एक फोनही नाही. जुना एक्सल मागितला तर "भंगारात गेला असेल." पैसे दिल्याशिवाय चावी मिळणार नाही आणि उद्यापासून जागेचे रोज ३०० रुपये, असंही ऐकवलं. वाचक गाडी तिथेच ठेवून रेल्वेने घरी आले. ते विचारतात: सगळे पैसे द्यावेच लागतील का, पोलिसांत जाऊ का, आणि भांडायचं तर रत्नागिरीच्या खेपा घालाव्या लागतील का?

सर, तुम्हाला आवडणार नाही ते आधी सांगतो. एक्सल बदलावा लागला हे त्या मेकॅनिकचं म्हणणं खरंही असू शकतं. एक्सल म्हणजे चाक फिरवणारा दांडा, सीव्ही जॉइंट हा त्याचा वळणारा सांधा, आणि हा बूट म्हणजे त्या जॉइंटवरचं घडीघडीचं रबरी आवरण. आतलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरची धूळ बाहेर, एवढंच त्याचं काम. तो फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि चिखलाचं पाणी आत शिरतं. मग आतल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा घासायला लागतात. लवकर लक्षात आलं तर बूट, ग्रीस आणि पट्ट्या बदलून भागतं. खाचा खरवडल्या असतील तर नुसता बूट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. गाडी वळवताना टक टक आवाज येत नव्हता असं तुम्ही लिहिलंय. ते तुमच्या बाजूचं आहे, पण पुरावा म्हणून पुरेसं नाही. खरं काय ते फक्त तो जुना जॉइंट सांगू शकतो, आणि नेमका तोच गायब आहे.

मात्र एक्सल खराब असला तरी न विचारता बदलायची परवानगी त्याला कुणी दिली? तुमचं प्रकरण इथे उभं राहतं.

गाडी अडवण्याचा हक्क गॅरेजवाल्यांना कायद्याने खरंच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवर ज्याने मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. याला धारणाधिकार म्हणतात. पण त्याच कलमात अट आहे: काम वस्तू ज्या हेतूने सोपवली त्या हेतूनुसार झालेलं हवं. तुम्ही गाडी सोपवली ती बूट बदलायला. त्या कामाच्या २,२०० रुपयांसाठी त्याने चावी धरून ठेवली तर मी त्याच्या बाजूने बोलेन. न सांगितलेल्या एक्सलसाठी नाही. (पुढच्या कलम १७१ मध्ये याहून व्यापक हक्क काही मोजक्यांना दिलाय. त्यात बँका आहेत, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नीही आहेत, गॅरेज नाही. आम्हा वकिलांनी स्वतःची सोय बरी पाहिली!)

जागेच्या भाड्याची धमकी तर आणखी पोकळ आहे. इंग्लंडमध्ये १८६० सालीच जहाज दुरुस्त करणाऱ्या एकाने बिलापोटी जहाज अडवून वर गोदीचं भाडं मागितलं होतं. स्वतःच्या वसुलीसाठी वस्तू अडवून ठेवायची आणि त्याचा खर्च मालकाकडून घ्यायचा, हे चालणार नाही असा निकाल लागला. आपल्याकडेही वकील तो निकाल पुढे करतात. भाड्याचं आधी ठरलेलं नव्हतं ना? मग ते देणं लागत नाही.

आता गॅरेजवाल्याचा वकील काय म्हणेल ते ऐका. करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. नवा एक्सल लावलेली गाडी घेऊन तुम्ही आरामात फिरू लागलात, तर हा मुद्दा त्याला मिळतो. पण पश्चिम बंगाल सरकार आणि बी. के. मोंडल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की दिलेली वस्तू नाकारायची मोकळीक समोरच्याला असते. ती स्वीकारली तरच हे कलम लागू होतं. तेव्हा तुम्ही नाकारल्याचं आजच्या आज कागदावर आणा.

आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मागोमाग स्पीड पोस्टाने एवढंच लिहा: "अमुक तारखेला बूट बदलण्याचे २,२०० रुपये ठरले होते. एक्सल बदलण्यास मी संमती दिलेली नाही व तो स्वीकारत नाही. माझा जुना एक्सल नवीन बूट घालून परत बसवावा. मी २,२०० रुपये देण्यास तयार आहे. जुना एक्सल नसल्यास तसे लेखी कळवावे." शिव्या नकोत, "बघून घेईन" नको. जुना एक्सल तो देऊ शकला नाही, तर तो बदलणं गरजेचं होतं हे त्याला कशाच्या जोरावर दाखवता येईल?

पोलिसांत जाऊ नका असं मी म्हणेन. ठाण्यात हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील, आणि तोवर गॅरेजवाला हट्टाला पेटलेला असेल.

रत्नागिरीला जायची मात्र गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. न सांगितलेलं काम करणं ही सेवेतली त्रुटी, आणि रीतसर बिल न देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा. कच्च्या बिलावर एक्सलचा पार्ट नंबर नाही, कंपनी नाही. ते नीट जपून ठेवा. गाडी लगेच हवी असेल तर तक्रारीसोबत कलम ३८ खाली अंतरिम (निकालाआधीच्या) आदेशाचा अर्ज जोडता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथला शब्द बंधनकारक नसतो, पण एका फोनने नरमलेले दुकानदार मी पाहिलेत. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायची वेळ आली तर तो लागेल.

गाडीवाचून अगदीच अडलं असेल तर दुसरी वाटही आहे. १६,५०० भरा, पण बिलावर आणि संदेशात "हरकत राखून, गाडी सोडवण्यासाठी" असं लिहून, आणि रोख नव्हे, यूपीआयने. मग परतावा मागा. तडजोड निघत असेल तर माझं मत विचाराल: त्याने जुना जॉइंट समोर ठेवला आणि खाचा खरंच गेलेल्या असतील, तर पार्टची छापील किंमत देऊन मोकळे व्हा. सुट्टी काढून १४,३०० रुपयांसाठी तारखा घालणं किती परवडतं ते तुमचं तुम्हाला माहीत.

जाल तेव्हा किलोमीटरचा आकडा आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो आधी काढा. ताब्यातल्या वस्तूची काळजी घेणं करार कायद्याच्या कलम १५१ ने त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि जुना एक्सल मिळालाच तर तो पुसू-धुऊ नका. चिखल-ग्रीससकट पोत्यात बांधून आणा, आणि ते भंगार नाही हे घरच्यांना सांगून ठेवा.