अवकाश आणि काळ खरे आहेत की निव्वळ भास?

दोन्ही खरे आहेत. दोहोंची मिळून जी एकच रचना होते, त्या अवकाशकालाची अवकाश आणि काळ अशी फाळणी सर्वांसाठी सारखीच होते हा समज तेवढा खोटा आहे. गणितज्ञ हर्मान मिन्कोव्स्की यांनी 1908 मध्ये कोलोन येथील व्याख्यानात हेच मांडले होते. दोन घटनांमधले अंतर आणि कालावधी निरीक्षकागणिक बदलतात, परंतु दोहोंच्या मेळातून निघणारे अवकाशकालातील अंतर सर्वांना एकच मिळते.

आमच्या थोरल्या साडूंना हे मान्य नाही. इंदूरला आमच्या गच्चीवर कोजागरीचे दूध आटत असताना त्यांनी जमलेल्या मंडळींना ऐकवले की, आइन्स्टाइनसुद्धा अखेरीस मायावादी झाला आणि काळ हा भ्रम आहे असे लिहून गेला. मी तोंड उघडताच ते म्हणाले, "तुम्ही राहू द्या हो, तुमचं विज्ञान शाळेपुरतं." उभा जन्म शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलेल्या माणसाला हे झोंबणारच. ज्या पत्राच्या जोरावर ते बोलत होते, ते मार्च 1955 मध्ये मिशेल बेसो या जिवलग मित्राच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबीयांना धाडलेले सांत्वनपत्र आहे, आणि त्यात भ्रम म्हटले आहे ते भूत, वर्तमान व भविष्य यांतील भेदाला. शिवाय साडू त्या रात्री मोबाइलवरचा नकाशा पाहतच आमच्याकडे पोहोचले होते. सापेक्षतेच्या नियमांनुसार जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे धावतात. हा फरक हिशेबात धरला नाही, तर दिवसभरात कित्येक किलोमीटरची चूक साचेल. अवकाशाचेही तसेच आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतील वेधशाळेने सप्टेंबर 2015 मध्ये आपल्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये अशा लहरीमुळे अवकाशाला बसलेला, प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म असा ताण टिपला.

एक मात्र कबूल केले पाहिजे. गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी (क्वांटम) यांची सांगड घालू पाहणाऱ्या पुंज गुरुत्वाच्या क्षेत्रात अवकाशकाल हा अधिक मूलभूत अशा कशातून तरी उद्भवतो असे मानणारे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, आणि याच क्षेत्रातल्या 1967 च्या व्हीलर-डिविट समीकरणात काळ आढळतच नाही; प्रयोगाने मात्र यातले काहीही अद्याप ठरलेले नाही. तरीही उद्भवलेली गोष्ट खोटी ठरत नाही. तापमान हे रेणूंच्या हालचालीतून उद्भवते, म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी कामावर धाडत नाही.

तेव्हा आइन्स्टाइनचे नाव घेऊन कोणी तुम्हाला गप्प करू लागला, तर ते पत्र कोणाला आणि कशासाठी लिहिले होते एवढे त्याला अवश्य विचारा. शांकरमतातही व्यवहारापुरते जग खरेच धरलेले आहे आणि त्या मताला भौतिकशास्त्राच्या उसन्या कुबड्या नकोत, हे मी येत्या कोजागरीला साडूंना चारचौघांत सांगणार आहे.