येळवशीला घरी कोण थांबतं?

ताई,

मी ४७ वर्षांची. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, घरीच शिवणकाम करते. सात महिन्यांपासून पोट ठिकाणावर नाही. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, रात्रीही एकदा-दोनदा उठावं लागतं. आव पडते, कधी रक्ताची रेघ दिसते. आधी मूळव्याध म्हणून औषध घेतलं, मग जंताच्या गोळ्या, मग एकांचं चूर्ण. वजन उतरलंय, माझेच ब्लाऊज दोनदा आत घेतले. हिमोग्लोबिन ८.९ आलं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सोनोग्राफी नॉर्मल आहे. अस्तर आणायला म्हणून लातूरला गेले तेव्हा पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खालून दुर्बीण टाकायची चिठ्ठी दिली. दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा घरात लग्न आहे असं सांगून रद्द केली. लग्न वगैरे काही नव्हतं.

ताई, मला लई भीती वाटायलीय. डॉक्टर पुरुष आहेत. आमच्या गल्लीतल्या एका काकांना दुर्बीण टाकली आणि ते चार महिन्यांत गेले. लोक म्हणतात, आत हात लावला की पसरतं. नळीनं आतडं फाटलं तर? काही वाईट निघालं तर? मुलीला स्थळं बघायचं चालू आहे, अशात आईच्या आजाराचं कुणाच्या कानावर जायला नको. आमचे हे स्वभावानं फार चांगले आहेत, मला कधी एका शब्दानं बोलत नाहीत, म्हणून त्यांनाही टेन्शन दिलं नाही. यंदा येळवशीला सगळे शेतात गेले, मी स्वयंपाक करून दिला आणि घरीच थांबले. सोनोग्राफी चांगली असताना दुर्बीण टाळता येईल का? दुसरी एखादी तपासणी सांगा.

— एक वाचक

बाई, दुर्बिणीचं नंतर बोलू. आधी मला त्या येळवशीबद्दल सांगा.

पत्राच्या शेवटाला, कापून उरलेलं अस्तर बाजूला सारावं तसं, तुम्ही ते वाक्य टाकलंय. स्वयंपाक करून दिला आणि घरीच थांबले. बाकीचं पत्र मी एकदा वाचलं, या वाक्यावर चारदा परत आले.

लांबच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावास्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, बाजार बंद असतो, सरकारी सुट्टी असते. ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवायला असतो. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे, खीर आणि माठातली आंबील. त्या दिवशी घरी कोण असतं? अंथरुणाला खिळलेलं माणूस, फार तर ओली बाळंतीण.

तुम्ही दोन्हीत नाही. आदल्या रात्री शेंगा सोलत बसलात, पहाटे तीनला उठून चूल पेटवलीत, डबे बांधलेत, आणि काहीतरी कारण काढून मागं राहिलात. खरं कारण तुम्ही मलाही लिहिलेलं नाही, तेव्हा मीच लिहिते. शेतात संडास नाही. तुरीच्या आड एकदा जाता येतं, सहादा नाही. तिसऱ्यांदा उठलं की जाऊबाई विचारते.

हे कळल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा वरून वाचलं, आणि मग दिसायला लागलं. घरीच शिवणकाम करता. लातूरला एकदाच गेलात, तेही आदल्या रात्रीपासून उपाशी राहून गेला असणार, कारण एसटीत मध्येच उतरता येत नाही. तुम्ही लोकांचं कापड मोजता. तुमचं स्वतःचं जगणं आता शिलाई मशीन ते संडास एवढंच उरलंय. आणि या सगळ्यात तुम्ही मला विचारता काय, तर दुर्बीण टाळता येईल का. टाळायचं राहिलंय काय आता? सण टाळला, प्रवास टाळला, रात्रीचं जेवण टाळत असाल तर तेही मला नवल नाही.

तुमचे हे चांगले आहेत. असतील. पण सात महिने रोज रात्री दोनदा शेजारचं माणूस उठून जातं, बायकोचा ब्लाऊज दोनदा आत घ्यावा लागतो, आणि येळवशीच्या पंगतीत तिची जागा रिकामी राहते, तरी ज्याला काही विचारावंसं वाटत नाही त्या चांगुलपणाचं मी काय करू? एका शब्दानं बोलत नाहीत, हे तुम्ही कौतुक म्हणून लिहिलंय. मला ते कौतुक वाटलं नाही.

तरी माझा जास्त राग तुमच्यावर आहे. कारण त्यांना कळू नये म्हणून तुम्ही राबलात. संडासात बादली ओतून आवाज दाबला असेल, लोहाच्या गोळ्या डब्यामागं ठेवल्या असतील. मुलीचं एक लग्न अजून ठरायचंय, आणि तुम्ही डॉक्टरांना सांगण्यापुरती दोन लग्नं उरकूनही टाकलीत.

ती दोन लग्नं का लावावी लागली, ते मी सांगते. तारीख देताना तिथल्या नर्सनं तुम्हाला नक्की सांगितलं असणार: सोबत माणूस आणा. या तपासणीत गुंगीचं औषध देतात, त्यामुळं नंतर एकटीला घरी सोडत नाहीत. काउंटरवर नाव आणि नंबर मागतात. पोटात एवढी खळबळ असताना जी बाई एकटी लातूरला जाऊन आली, ती नळीला भिणारी नाही. तुमच्या दोन्ही तारखा ‘सोबत कोण?’ या प्रश्नाला रद्द झाल्या.

आता तपासणीचं. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलेली आहे.

सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड छान दाखवते. आतडं पोकळ, त्यात वारा, त्याच्या आतल्या अस्तरावर बारीक जखमा आहेत का, हे तिला नीट दिसत नाही. अस्तर म्हटलं की तुम्हाला वेगळं समजवायला नको: बाहेरून इस्त्री केलेला ब्लाऊज आतून उसवलेला असू शकतो. आणि हे समोरून बघण्याबरोबरच दुर्बिणीतून त्या अस्तराचा कणभर तुकडाही काढता येतो. तो काढताना दुखत नाही, कारण चिमटा काढलेला कळावा अशी जाणीवच त्या अस्तराला नसते. निदान बहुतेक वेळा त्या तुकड्यावर ठरतं.

वाईट निघालं तर, असं विचारलंत. सात महिने, आव, रक्त, रात्री उठावं लागणं, वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही खाली, एवढ्या सगळ्याला मूळव्याध म्हणून सोडून देता येत नाही. आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुनाट आजार असू शकतो; तो औषधांनी ताब्यात राहतो. आतड्याचा टीबी असू शकतो. आपल्या देशात तो नवलाचा नाही, सहा महिने किंवा थोडं अधिक औषध लागतं, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं आणि माणूस बरा होतो. कॅन्सरही असू शकतो. तो नाहीच अशी खोटी समजूत मी घालणार नाही. पण या तिघांची औषधं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की अंदाजानं दिलेलं औषध म्हणजे आणखी एक चूर्ण.

गल्लीतल्या काकांचं ऐकून मला माझ्या माहेरचा बोअर आठवला. आपल्याकडं बोअर आटला की आत कॅमेरा सोडून बघतात. कॅमेरा सोडल्यामुळं बोअर आटला, असं म्हणणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. काका उशिरा पोचले, दुर्बिणीनं फक्त ते दाखवलं. उलट आतड्यातला साधा मोड, ज्याला पॉलिप म्हणतात, त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा कैक वर्षं जातात, आणि तो वेळेत सापडला तर त्याच दुर्बिणीतून काढून टाकतात. माझे दोन काढले. तेव्हा मी ५४ वर्षांची होते.

आतडं फाटण्याचं म्हणाल तर तसं होऊ शकतं. हजारांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. 

डॉक्टर पुरुष आहेत, याबद्दल एकच विचारते. गिऱ्हाइकाचं माप घेताना तुम्ही बाई बघता की इंच? तेही तेवढंच बघतात. मागून उघडणारा पायजमा देतात, वर चादर असते, डाव्या कुशीवर झोपवतात, नर्स जवळ असते. नसली तर ‘नर्स थांबू द्या’ म्हणून सांगायचं, आणि ते ऐकतात. बोटाएवढ्या जाडीची नळी, पाचेक फूट लांबीचं आतडं, अर्धा तास. मी जागी झाले तेव्हा मला सगळ्यात आधी भूक लागली होती. नंतर तासभर पोटातला वारा सरतो, आणि त्या खोलीतल्या सगळ्यांचाच सरत असतो. तिथं लाजायला कुणी उरत नाही.

खरा त्रास आदल्या दिवशीचा असतो, त्याबद्दल मात्र कुणी नीट सांगत नाही. पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून दोन लिटर, कुठं त्याहून जास्त, प्यायला लावतात. चव म्हणजे लिंबू-मीठ पाण्यात साबण विरघळल्यासारखी. गार करून प्या, थोडं थोडं प्या, आणि अर्धवट सोडू नका. आत काही राहिलं की डॉक्टरांना दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्या रात्री तुम्ही पंधरा वेळा जाल. म्हणून एक घरगुती अक्कल सांगते, जी कुठल्याही दवाखान्याच्या कागदावर छापलेली नसते: तारीख घेताना तुमच्याकडं नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते बघा. २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या जिल्ह्यात ही तपासणी कोरड्या टाकीवर करायची नसते.

एक-दोन दिवस आधीपासून चोथ्याचं आणि बियांचं खाणं बंद. भाकरी, पालेभाजी, शेंगा, तीळ, कारळ, जवस, पेरू, सगळं बंद. म्हणजे तुमच्या भज्जीतला बहुतेक ऐवज बाद. मऊ भात, ताक, आणि शेवटच्या दिवशी गाळलेलं वरणाचं पाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं काही नको. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते फोनवर विचारून घ्या, त्यांनी आतलं काळं आणि चिकट होतं. बीपीच्या, साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर त्याही सांगा. आणि मधल्या काळात रक्त जास्त गेलं किंवा उभं राहिल्यावर चक्कर आली, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलीच्या स्थळाचं म्हणालात. स्थळं बघणाऱ्यांना आईचं आतडं कळू नये म्हणून मुलीच्या आईनं झिजत जायचं, हा हिशोब तुम्ही मुलीला विचारून केलेला नाही. आणि लग्न ठरलं तर मंगल कार्यालयात बायकांना संडास दोन असतात, पाहुण्या तीनशे. हळदीपासून पाठवणीपर्यंत तिथं तुम्ही उभ्या कशा राहणार, का त्या दिवशीही स्वयंपाक करून देऊन घरीच थांबणार?

तुम्ही दुसरी तपासणी मागितलीत. मी देत नाही. धीर धरा, देवाचं नाव घ्या, असलंही काही सांगत नाही. एकच काम सांगते आणि ते आज रात्रीचं आहे. ती चिठ्ठी तुम्ही फाडलेली नाही. फाडली असती तर पत्रात लिहिलं असतंत. आज आठ वाजता मशीन बंद करा. जेवणं होऊ द्या. मुलगी समोर असली तर असू द्या, उलट बरंच आहे. चिठ्ठी काढा आणि यजमानांच्या हातात द्या. ‘काही नाही, साधंच आहे’ असं सुरुवातीला म्हणू नका. सांगा की सात महिने झाले, रक्त जातंय, येळवशीला मी याच्यासाठी घरी थांबले, आणि लातूरला मला तुम्ही सोबत पाहिजेत.

ते गप्प बसतील. बसू द्या. मग चिठ्ठी वाचायला चष्मा शोधायला लागतील. तुम्हाला तो कुठं आहे ते माहीत असेल. उठू नका, शोधू द्या त्यांना.