‘रन’ म्हणजे धावणे, तर दुकान ‘चालवायचे’ कसे?

भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : ‘इंग्रजीत ‘रन’ म्हणजे धावणे आणि ‘वॉक’ म्हणजे चालणे. मग ‘टू रन अ शॉप’चे मराठी ‘दुकान चालवणे’ असे कसे होते? आणि ‘रन’ला सगळीकडे पुरेल असा एकच मराठी प्रतिशब्द आहे का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. असा शब्द नाही आणि तो असण्याची गरजही नाही. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे त्याच कोशाच्या नव्या संस्करणाचे काम चालू असताना क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदवले गेले आणि ‘सेट’ मागे पडला. जे क्रियापद इतक्या ठिकाणी राबते, त्याच्या बदल्यात दुसऱ्या भाषेतले एकच क्रियापद उभे करता येत नाही.

पहिला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात एक गृहीत दडलेले आहे. ‘रन’चा मूळ अर्थ पायांनी धावणे असून बाकीचे अर्थ त्यातून लाक्षणिक रीतीने फुटले, असे आपण शाळेपासून धरून चालतो. प्रत्यक्षात पाण्याचे वाहणे हा अर्थही त्या शब्दात अगदी जुना आहे. त्याच कुळातल्या जर्मन भाषेत आजही ‘रिनन’ म्हणजे वाहणे किंवा ओघळणे आणि ‘रेनन’ म्हणजे धावणे अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मुरले. इंग्रजी नळातले पाणी ‘रन’ होते तेव्हा ते कोणा धावणाऱ्या माणसाची नक्कल करत नसते. आपल्याकडेही धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘धावु गतिशुद्ध्योः’ असे म्हटले आहे, म्हणजे गती आणि शुद्धी, धावणे आणि स्वच्छ करणे, हे दोन्ही अर्थ एकाच धातूला दिलेले आहेत.

‘चालणे’ची गोष्टही तशीच आहे. ज्या ‘चल्’शी त्याचे नाते आहे, त्याचा अर्थ धातुपाठात ‘कम्पन’ असा दिला आहे. हलणे, जागचे ढळणे हा त्याचा गाभा असून ‘अचल’, ‘चंचल’ या शब्दांत तो अजून दिसतो. पायांनी चालणे हा त्याचा एक विशेष अर्थ झाला. म्हणून मराठीत घड्याळ चालते, श्वास चालतो, खटला चालतो, नाटक चालते, हातातले काम चालू राहते, बँकेतले खाते ‘चालू’ असते आणि एखादी बाई एकटीच्या बळावर खानावळ चालवते. यांतल्या काही ठिकाणी इंग्रज ‘रन’ वापरील. दोन्ही भाषांनी गतीचा एकेक शब्द घेतला आणि ‘कामात असणे, थांबलेले नसणे’ या अर्थापर्यंत नेला. इंग्रजीने वेगाचा शब्द उचलला, मराठीने संथ गतीचा. तेव्हा ‘दुकान चालवणे’ हे ‘रन’चे कमअस्सल भाषांतर नव्हे, ते आपले स्वतःचे, स्वयंसिद्ध क्रियापद आहे.

येथे व्याकरणाचीही एक अडचण आहे आणि भाषांतरात ती फार नडते. इंग्रजी ‘रन’ रूप न बदलता अकर्मकही असते आणि सकर्मकही. मराठीत ‘चालणे’ला ‘चालवणे’ आणि ‘पळणे’ला ‘पळवणे’ अशी प्रयोजक जोडी आहे, पण ‘धावणे’ला रोजच्या वापरात तशी जोडी नाही. घोडा आपण दौडवतो किंवा दामटतो, बस चालक पळवतो, माणसाला धावायला लावतो. त्यामुळे ‘रन’पुढे कर्म दिसले की ‘धाव’ हा धातू तिथल्या तिथे बाद समजावा. आमच्या घरी नव्या मिक्सरबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत ‘यंत्र दोन मिनिटांपेक्षा अधिक धावू देऊ नये’ असे छापले होते. ‘मिक्सर सलग दोन मिनिटांहून जास्त चालवू नये’ हे साधे वाक्य लिहायला कोशही उघडावा लागला नसता. मिक्सर वापरणाऱ्या कोणत्याही घरात ते सहज ऐकू आले असते.

याचा अर्थ ‘धाव’ हा शब्द मराठीत दुबळा आहे असा मुळीच नाही. विमानाची धावपट्टी, क्रिकेटमधला धावबाद, धावते समालोचन हे सगळे ‘रन’च्या सोबतीने घडलेले आणि चांगले रुळलेले शब्द आहेत. शिवणकामातला धावदोरा तर मला विशेष आवडतो, कारण सुई कापडातून वरखाली होत सरळ पुढे जाते ती हालचाल त्या शब्दात जशीच्या तशी दिसते. बैलगाडीच्या चाकावर बसवलेल्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. मोट चालत होती तेव्हा विहिरीपासून खाली उतरत जाणाऱ्या ज्या वाटेवर बैल जात, तिलाही धावच म्हणत. त्या उतारावर बैल भरलेल्या मोटेच्या ओढीने जड पावले टाकत असे, वेगाचा तिथे प्रश्नच नव्हता; पण पुढेमागे होणाऱ्या त्या फेरीला मराठीने ‘धाव’ हेच नाव दिले. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतही वेगापेक्षा पल्ला महत्त्वाचा आहे.

उरलेल्या अर्थांसाठी मात्र दर वेळी प्रसंग पाहूनच क्रियापद निवडावे लागते. सर्दीत नाक वाहते किंवा गळते, धुण्यात कपड्याचा रंग जातो, हलक्या कागदावर शाई फुटते, रस्ता नदीकाठाने जातो, एखादा गुण घराण्यातच असतो. ‘रन आउट ऑफ’मध्ये तर कर्ताच बदलतो. इंग्रजीत माणूस पिठावाचून ‘रन आउट’ होतो, आपल्याकडे पीठ संपते आणि माणूस वाक्यात येतो तो फार तर ‘आमच्याकडचे’ एवढ्यापुरता. जिथे इंग्रजी वाक्याचा कर्ता मराठीत तसाच ठेवला जातो, तिथे प्रत्येक शब्द बरोबर असूनही वाक्य परके वाटते.

निवडणुकीच्या बाबतीत खुद्द इंग्रजीतही एकमत नाही. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. मराठीत तो निवडणुकीला उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो. प्रश्नकर्त्यांनी याच पत्रात ‘अध्यक्षपदासाठी धावणारा उमेदवार’ असे आपले एक वाक्य तपासायला दिले आहे. तिथे ‘अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारा’ असे करावे.