पोस्टमॉर्टेम होऊनही मृत्यूचं कारण का सांगत नाहीत? व्हिसेरा रिपोर्टमधून नक्की काय कळतं?

'व्हिसेरा राखून ठेवला, मत प्रलंबित' असा कागद माझ्याही हातात पडला होता, म्हणून लिहितोय. म्हणजे पोटातले अवयव तपासणीसाठी काढून ठेवलेत, त्यांचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर मृत्यूचं कारण सांगत नाहीत.

बाबा कपाशीच्या बांधावर पडलेले सापडले. शेजारी फवारणीचा पंप. पोस्टमॉर्टेमच्या खोलीतून एक जण बाहेर आला आणि मला म्हणाला, "दोन किलो मीठ आणा, खडे मीठ." दुकानदाराने विचारलं, "लोणचं घालताय का?" काय सांगणार! जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड असं सगळं मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात, सडू नये म्हणून. त्याच पाण्याचा नमुना वेगळा पाठवतात, उद्या कुणी म्हणायला नको की विष मिठातच होतं. रक्त वेगळं. हृदय फॉर्मॅलिनमध्ये, ते मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीला गेलं. बाकीच्या बरण्यांवर माझ्यासमोर लाखेचं सील लागलं आणि त्या अठरा दिवस ठाण्यातच पडून राहिल्या, कारण प्रयोगशाळेत न्यायला हवालदार मोकळा नव्हता. उशीर काय फक्त प्रयोगशाळेतच होत नाही.

सात महिने गेले. तोवर आमच्या दाजींनी गावभर केलं, "कर्ज होतं, औषध घेतलं." आईच्या तोंडावरसुद्धा. हृदयाच्या तपासणीत झटका निघाला, तरी ऐकेनात. मग सीए रिपोर्ट, म्हणजे बरण्यांच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, आला : 'सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक परीक्षणात विष आढळून आले नाही.' त्यावर दाजी म्हणाले, "पैसे चारले असतील." अहो दाजी, मोनोक्रोटोफॉससारखं फवारणीचं औषध प्यायलेल्याचं पोट उघडलं की वास सहसा लपत नाही. आणि २०१७ साली यवतमाळात फवारता फवारता माणसं गेली, त्यांनीही 'घेतलं' होतं का?

आता हेही खरं, की विष आढळलं नाही म्हणजे नव्हतंच, असं नाही. पोट धुतलं असेल, चार दिवस उपचार झाले असतील, तर सापडेलच असं नाही. सापाचं विष या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, तिथे दंशाची खूण आणि दवाखान्याचे कागद लागतात. सापडलं, तरी प्यायलं, पाजलं की कातडीतून अंगात गेलं, हे बरणी सांगत नाही. ते पंचनाम्यावरून आणि जबाबांवरून ठरतं.

तुम्ही आधी ठाण्यात जा, बरण्या कोणत्या तारखेला रवाना झाल्या ते विचारा, प्रयोगशाळेची पोच बघा. रिपोर्ट आला की झेरॉक्स दोन काढा. एक विम्याला, एक तुमच्याकडच्या दाजींना.