क्लायंटचा फायनान्शियल प्लॅन एआयकडून करून घेतला तर सेबीला चालतं का?

तुम्ही विचारलंय की गुंतवणूक सल्लागार म्हणून सेबीचं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) रजिस्ट्रेशन नुकतंच मिळालंय, प्लॅन एआयकडून करून घेतले तर चालतं का आणि क्लायंटला सांगावं लागतं का. चालतं, आणि सांगावंच लागतं. डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलले, जानेवारी 2025 च्या सर्क्युलरमध्ये तपशील आला, एआय किती वापरता ते क्लायंटला सांगायचं आणि त्याच्या डेटाची, सल्ल्याची जबाबदारी सगळी आपली, टूलवर ढकलता येत नाही. मी एग्रीमेंटमध्येच दोन ओळी टाकल्यात, सही घेताना वाचून दाखवतो. आजवर एकानेच विचारलं, "मग फी कमी करणार का?"

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ बसतो. मागं एक काका आले, वय 62, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. करंट अकाउंटचं वर्षाचं स्टेटमेंट नाव-नंबर खोडून एआयला दिलं, दोन मिनिटांत बारा पानं हजर, महिन्याला 60 हजारांची एसआयपी करा म्हणे. भाषा इतकी गुळगुळीत की मलाही पटलं बघा. काका हसायलाच लागले. "अहो हे पैसे माझे कुठायत, सूतवाल्याचे आहेत की!" झालं असं होतं की स्टेटमेंट 31 मार्चला संपत होतं, मोठ्या पार्टीचं तीन महिन्यांचं थकलेलं पेमेंट शेवटच्या आठवड्यात जमा झालेलं आणि सूतवाल्याचा चेक गेला एप्रिलमध्ये, म्हणजे उधारीचा पैसा एआयने शिल्लक धरला. सोबत बसून वही काढली तेव्हा खरा आकडा 18 हजारांवर आला.

त्याच प्लॅनमध्ये सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमची मर्यादा 15 लाख लिहिलेली, ती 2023 पासून 30 लाख आहे. शेअर फंडातल्या नफ्यावरचा लाँग टर्म टॅक्स एक लाखाच्या वर 10 टक्के, तोही जुनाच, 23 जुलै 2024 पासून सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के झालाय. हे सहीनिशी बाहेर गेलं असतं तर माझंच नाव खराब.

आता मी उलटं करतो. आकडे आणि रिस्क प्रोफायलिंग (किती जोखीम झेपेल ते बघणं) क्लायंटसमोर बसून, कुठला फंड का सुचवला ते माझ्या शब्दात फाईलला (रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचंच असतं), आणि मग ते सोप्या भाषेत मांडायला एआय. आमच्याकडे घरी तेलुगू बोलणारे क्लायंट बरेच, त्यांच्यासाठी तेलुगू मसुदाही काढतो, तो ऑफिसातली मुलगी वाचून दुरुस्त करते, तिला त्यात लई चुका सापडतात.

टूल कुठलं विचारलंत, ते कुठलंही घ्या, फक्त फुकटच्या अकाउंटवर कुणाचं पॅन, स्टेटमेंट आहे तसं चिकटवू नका.