मैदानी पंच होण्याआधी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये तुम्हाला मैदानी पंचच (मैदानात राहून खेळ चालवणारा) व्हायचे असले, तरी गोल पंचाच्या, म्हणजे खांबांपाशी उभे राहून गुण ठरवणाऱ्या पंचाच्या, कामाला कमी लेखू नका. चेल्सी रॉफी २०१२ मध्ये एएफएलच्या (या खेळाची ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च लीग) अंतिम सामन्यातील पहिल्या महिला पंच ठरल्या, त्या याच जागेवरून. गोलला सहा गुण व दोन झेंडे, बिहाइंडला (चेंडू मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबांमधून गेला, तर) एक गुण व एक झेंडा, हे लगेच पाठ होते. पण चेंडू खांबाला निसटता लागला की नाही, हे गोंगाटात ठामपणे सांगणे अवघड असते. एलेनी ग्लूफ्टसिस २०१७ मध्ये एएफएलच्या पहिल्या महिला मैदानी पंच झाल्या, त्याही आधी राज्य पातळीवरील लीगमध्ये घडल्या होत्या. प्रेक्षकांची शेरेबाजी (ती होतेच) कानाआड करता येईल, मात्र सहकारी पंचाने अपमान केल्यास त्याची लेखी तक्रार त्याच दिवशी करा.